थिनरच्या वासाचं बोट

या, अशा जवळ येऊन बसा. उंबऱ्यात काहून उभ्या राहिल्या? चहा ठेवते, पण त्याआधी माझी बोलणी खाऊन घ्या. हाताला काहीतरी टोचतं, टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं, रक्त येत नाही, म्हणून तुम्ही हात पदराखाली झाकता. घरच्यांनी विचारलं की म्हणता, काही न्हाई झालं. शोभतं का हे? आणि तुम्ही, दादा, हसू नका. तुम्ही तर खिशात हात घालून हिंडता.

रागवत नाही मी. मीही असंच केलं होतं, म्हणून एवढ्या हक्कानं बोलते.

माझं नाव द्वारका. वारंगा फाट्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडं रान. शाळेत मी कधी गेले नाही. लेकरांच्या पाटीवरची अक्षरं बघून बघून लिहायला शिकले, त्यामुळं शुद्धलेखन बघू नका, सांगते ते बघा. रंग मारायचं दाबाचं मशीन जे चालवतात आणि ज्या बाया त्या मशीनच्या आसपास काम करतात, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

मशीन आलं तेव्हा

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कापसाच्या एका जिनिंगचं मोठं गोदाम फाट्याच्या पुढं उभं राहिलं. सगळं लोखंड आणि पत्रा. त्याला लाल प्रायमर मारायचं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं. आम्ही सात बाया कामावर. लोखंडाचा गंज काचपेपरनं घासायचा आणि रंग जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून द्यायचा, एवढं आमचं काम. गाळायचा कशाला, तर खडा राहिला की मशीनचं तोंड बुजतं.

मशीन चालवायला तेलंगणातला एक माणूस आणला होता. यादगिरी त्याचं नाव. त्याला मराठी समजायची, बोलायचा मात्र त्याची ती हिंदी. लांब काळी नळी, पुढं बंदूक, आणि घोडा दाबला की रंगाचा पंखा उघडावा तसा फवारा. अख्खा खांब बघता बघता लाल. आम्ही तोंडाला पदर लावून बघत राहायचो.

मी जवळ गेले की तो ओरडायचा, "अम्मा, उसको हाथ नको लगाओ! दूर बैठो!"

मला वाटायचं, बघा, याला आपली कला लपवायची आहे. एखादी बाई शिकली तर याचं काय राहील? जेवायला गेला तरी बंदूक नजरेसमोर ठेवायचा. मी जाऊबाईला म्हणाले, "पारू, ह्या माणसाच्या मनात काहीतरी हाय."

पारू म्हणाली, "त्याच्या मनात काय असायचंय? तुमच्याच मनात मशीन हाय."

खोटं नव्हतं ते.

लाईट गेली

त्या काळात लाईट कधी जाईल याचा भरवसा नव्हता. भारनियमनाच्या वेळा ठरलेल्या, पण लाईट काही घड्याळ बघून जात नव्हती. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गेली. मशीन घरघरत होतं, ते गप झालं. बाया सावलीला बसल्या. यादगिरी थिनर आणायला फाट्यावर गेला.

बंदुकीचं तोंड सकाळपासून अडकत होतं. फवारा मधून फाटत होता, खांबावर पट्टे उमटत होते. मला वाटलं, हे काय अवघड आहे? कपाशीवर फवारणी करताना पाठीवरच्या पंपाची नोझल शंभरदा बुजते. आम्ही काय करतो? नखानं खरडायची, बोटानं पुसायची, बोट तसंच ठेवून दांडा दाबायचा, बोटाला पाणी लागलं की समजायचं, मोकळी झाली. आमच्याकडं लहानथोर सगळे असंच करतात. आणि इथं तर मशीन बंद! लाईटच नाही, तर ते काय करणार?

त्या बंदुकीच्या तोंडावर दोन पिवळे कान असतात. बोट नोझलपर्यंत जाऊ नये म्हणून ते दिलेले. ते कधीचे तुटले होते. यादगिरीनं दोनदा मागितले, ठेकेदार म्हणाला, "चालतंय तसंच."

मी उजव्या हातात बंदूक घेतली. घोडा अडवणारी खिट्टी सरकवली. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट तोंडावर ठेवलं आणि घोडा दाबला.

करडू जसं दातांच्या चिमटीत बोट धरतं, तेवढंच लागलं. बस. बोटाच्या पेरावर एक टिपका. दुखलं नाही, रक्त नाही. बोट थोडं बधिर, थोडं गार. मी लुगड्याला पुसलं आणि इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही.

लाईट गेली तरी दाब जात नाही, हे मला कोण सांगणार? नळीत तो तसाच कोंडून बसलेला असतो. गप पडलेल्या मशीनचा मला आजही भरवसा वाटत नाही.

खिळा

पारूनं पाहिलंच होतं. तिनं ठेकेदाराला सांगितलं. तो आला, बोट बघितलं, हसला. मग बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "बाई, खिळा लागला म्हणा. मशीनचं नाव काढलं तर पोलीस केस होईल. मग बायांचं काम बंद करावं लागंल मला. सातीजणींचं."

त्यानं सातीजणी म्हटलं आणि मी मान डोलावली.

दुपारपर्यंत ठणका सुरू झाला. पारूला घेऊन कळमनुरीला एका डॉक्टरकडं गेले. भले गृहस्थ. विचारलं, "काय लागलं?"

"खिळा."

"गंजका?"

"व्हय."

त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. त्यांचा यात काहीच दोष नाही. मी खिळा सांगितला, त्यांनी खिळ्याचं औषध दिलं. आज ज्या कुणी हे वाचत असतील त्यांना माझं सांगणं एकच: डॉक्टरपुढं खोटं बोललात तर ते औषधही खोट्यालाच देतील.

घरी आल्यावर पारूनं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला. मायेनं दिला बिचारीनं. पण तासाभरात बोट वांग्यासारखं फुगलं.

आमचे मालक, लेकरांचे बाप, दिवस कलायच्या आत मेंढरं घेऊन आले. काठी टेकवून माझा हात हातात घेतला. जनावरांचं दुखणं बघण्यात जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "काटा-खिळा लागला तर अंग गरम होतं. हे बोट तर गार पडून राहिलं."

"सुजलंय म्हणून तसं लागतं."

"नांदेडला चल."

"एवढ्याशा टिपक्याला नांदेड?"

"चल म्हटलं ना!"

एवढी घाई काहून? सकाळी फाट्यावर मी त्यांना ठेकेदाराशी बोलताना पाहिलं होतं. दोघांचं काही ठरलंय का? जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसून मी सगळ्या वाटेनं हेच उगाळत होते. ज्याच्याबरोबर पंचवीस वर्षं संसार केला, त्याच्याकडं चोरून बघत होते.

वास

नांदेडच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानंही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. त्यानं बोट दाबलं. मी किंचाळले. टिपक्यातून लाल थेंब आला. त्यानं तो कापसावर घेतला आणि नाकाशी नेला.

हे काय भलतंच? बाईमाणसाच्या बोटाचं रक्त हुंगणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहत होते.

"मावशी, तुमच्या बोटाला थिनरचा वास येतोय," तो म्हणाला.

"कामावर असते. लागला असंल."

"वरून लागलेला नाही. आतून येतोय. खिळ्याच्या भोकातून रंग कसा येईल?"

मी खाली बघितलं. तो माझ्यावर संशय घेत होता आणि मी त्याच्यावर. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली. "हे बघा, तुमचं काम, तुमचा ठेकेदार, मला काही घेणं नाही. कुठला रंग, किती वाजता, कशानं, एवढं सांगा. एकेक तास मोलाचा आहे."

मी सांगितलं. मशीन, लाईट, घोडा, सगळं.

मालक माझ्याकडं बघतच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मला बी खिळाच सांगितलास?"



फोटो कुणाचा

डॉक्टर म्हणाला, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. बोट उघडून आतला रंग धुऊन काढावा लागेल. उशीर झाला तर बोट जाईल, पुढं हातावरही बेतेल.

आता खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. कळमनुरीचा डॉक्टर गोळ्यांवर भागवतो आणि हा सुरी काढतो? टिपक्याएवढ्या भोकाला ऑपरेशन? शहरातले दवाखाने काय काय करतात, ते बाजारात ऐकलेलं सगळं आठवलं. मी उठून दरवाज्याकडं निघालेसुद्धा. हा हात गेला तर धारा कोण काढणार? दोन लेकरं, पंधरा दुभत्या शेळ्या, आणि माझ्यासारखी धार कुणालाच जमत नव्हती.

डॉक्टरनं अडवलं नाही. आधी काढलेला हाताचा एक्स-रे तेवढा उजेडाला धरला. "हे बघा आणि मग जा."

बोटाच्या हाडाच्या कडेनं पांढरं धुकं पसरलं होतं. टिपक्यापासून निघून खाली तळहातापर्यंत. "हा तुमचा रंग. बोटात शिरला आणि वाट मिळेल तिकडं पळाला."

मी म्हणाले, "हा फोटो माझाच कशावरून?"

सिस्टर हसली. डॉक्टर हसला नाही. "तुम्हीच सांगा कशावरून."

मी फोटो नाकापर्यंत आणला. करंगळीचं मधलं हाड वाकडं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एडक्यानं धडक दिली होती, तेव्हा मोडलेलं ते हाड वाकडंच जुळलं. अशी करंगळी दुसऱ्या कुणाची असणार?

"माझाच हाय," मी म्हणाले. "कापा."

हिरवा पडदा

काखेत सुई देऊन हात बधिर केला. मधे हिरवा पडदा. मी जागी. पडद्यामागं काय चाललंय ते कान देऊन ऐकत होते. कैची. पाणी. डॉक्टर कुणाला तरी म्हणाला, "अजून आहे." पुन्हा पाणी.

मी विचारलं, "काय काढून राहिले? दावा मला."

त्यानं पडद्यावरून पट्टीचा एक तुकडा धरला. पांढऱ्या पट्टीवर लालभडक, सायीसारखा घट्ट प्रायमर. मीच गाळलेला. तो माझ्या तळहातातून निघत होता.

नंतर हात सलाईनच्या खांबाला उंच टांगून ठेवला. जखम शिवली नाही, उघडीच ठेवली. मला वाटलं, विसरले. रोज सकाळी पट्टी सोडायची, धुवायचं, पुन्हा बांधायची. पट्टी सोडायची वेळ झाली की ढकलगाडीच्या चाकांचा आवाज यायचा आणि माझ्या पायांना घाम सुटायचा. देवाचं नाव घ्यायचं तर तेही सुचत नव्हतं, मी नुसती छतावरच्या पंख्याच्या पात्या मोजायची. तीनच होत्या, पुन्हा पुन्हा मोजायची.

बोटातलं चांदीचं वेढं दिसेना, तेव्हा मी सिस्टरवरही आळ घेतला. मोठ्यानं घेतला, सगळ्या वॉर्डासमोर. ती बसमतकडची पोरगी. तिनं माझ्या पदराची गाठ सोडून दाखवली. सूज चढली म्हणून कापून काढलेलं वेढं तिनंच पट्टीत गुंडाळून तिथं बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी तीच पोरगी कंगवा घेऊन आली. "एका हातानं वेणी कशी घालणार, मावशी? वळा तिकडं." तिच्या बोटांनी केसांचा गुंता सुटत होता आणि मी भिंतीकडं तोंड करून रडत होते. ऑपरेशनला रडले नव्हते.

यादगिरी

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी यादगिरी आला. हातात प्रायमरचा रिकामा डबा. मला वाटलं, ठेकेदारानं पाळत ठेवायला धाडला. त्यानं डबा डॉक्टरकडं दिला, त्यावर काय काय लिहिलंय ते वाचायला. मग माझ्या पलंगापासून लांब उभा राहिला.

"अम्मा, गलती मेरा है."

"तुझी कशी? मीच दाबलं."

"लाईट गया तो प्रेशर उतारना था. बंदूक बालटी में खाली करना था. मैं नहीं किया. सोचा, पाँच मिनिट में आता." त्यानं गालावर चापट मारून घेतली. "आप लोगों को दूर इसके वास्ते बैठाता था. समझाना था. चिल्लाया खाली."

मी त्याला बसायला सांगितलं. इतके दिवस ज्याला चोर समजत होते, तो भीतीनं ओरडत होता.

ठेकेदार मात्र माझ्या अंदाजाप्रमाणंच निघाला. सफरचंदं आणि एक लिहिलेला कागद घेऊन आला. "इथं अंगठा द्या, दवाखान्याचा कागद हाय."

मी म्हणाले, "आण, वाचते."

तो चमकला. मी अक्षर-अक्षर जोडून मोठ्यानं वाचलं. 'घरी काम करताना खिळा लागून इजा झाली.' मालक दाराशी उभे होते. त्यांच्याकडं बघायला मला धीर होईना. ठेकेदाराशी त्यांचं काही ठरलं असेल तर ते आत्ता कळणार होतं.

त्यांनी सफरचंदांची पिशवी उचलून ठेकेदाराच्या हातात दिली. "त्या दिवशी फाट्यावर मी तुला हात जोडून इनवलं होतं, बायांना मशीनपासून लांब ठेव म्हणून. आठवतं का?"

हेच बोलणं होतं त्यांचं. मी त्यावरून काय काय रचलं होतं!

टाचणी

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, हात वाचला, पण बोटाचं शेंड्याचं पेर काळं पडलंय. ते काढावं लागेल.

झालं. पुन्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. एकदा कापू दिलं की रोज थोडं थोडं कापतात वाटतं? मी सिस्टरला म्हणाले, "टाचणी दे."

"कशाला?"

"दे तर."

डोळे मिटून मी पेरात टाचणी टोचली. काहीच नाही. आणखी खोल टोचली. जणू दुसऱ्याच्या बोटात टोचते. खालच्या पेरात टोचली तर झणका डोक्यात गेला. एक मेलेलं, एक जिवंत. डॉक्टर खरं बोलत होता. त्या दिवशी दुपारी मी होकार दिला.

एक पेर गेलं. बाकीचं बोट पुरतं वाकत नाही, थंडीत ठणकतं. महिनाभरानं मी पहिली धार काढली. पहिल्यांदा दूध भांड्याबाहेरच गेलं. पारू बाजूला बसली होती, तिनं भांडं सरकवून त्या धारेखाली धरलं. दोघी हसलो. आठवड्यानं भांडं भरलं.

त्या कागदावर मी अंगठा दिला नाही, म्हणून सातीजणींचं काम गेलं, हे लपवत नाही. ठेकेदारानं दुसऱ्या गावच्या बाया आणल्या. दोघीजणी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. मला ते लागलं, पण त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.

पुढं यादगिरीनं जुनं मशीन विकत घेतलं आणि आम्हाला बोलावलं. मग त्यानं मला शिकवलं, ओरडून नाही, समजावून. तोंड साफ करायचं तर आधी मशीन बंद. मग बंदूक बादलीत धरून घोडा दाबायचा, नळीतला कोंडलेला दाब पुरता उतरू द्यायचा. मग घोड्याची खिट्टी लावायची. मगच हात. पिवळे कान तुटलेले असतील तर काम सुरूच करायचं नाही. बंदूक माणसाकडं रोखायची नाही, चेष्टेतही नाही. हातमोजा घातला म्हणून बोट पुढं करायचं नाही, तो फवारा हातमोज्यालाही भोक पाडतो. लाईट गेली की मी सगळ्यांच्या आधी ओरडते, "दाब उतरव रे!" यादगिरी म्हणतो, "अम्मा, उतारा." मी म्हणते, "दाखव." तो पुन्हा घोडा दाबून दाखवतो. मी तरीही बादलीत वाकून बघते.

माणसांवर मी नको तेवढा संशय घेतला आणि मशीनवर अजिबात घेतला नाही. आता उलट करते.

लोक अजून येतात माझ्याकडं, हाताला टोचलेलं दाखवायला. माझ्याकडं औषध नाही, मंत्र नाही, आणि शेक तर कुणाला देऊच देत नाही. बोटात दाबाचा रंग, तेल, काही शिरलं असेल, भोक कितीही बारीक असो, दुखो न दुखो, तर माझ्या घराच्या वाटेला लागू नका. आधी मोठा दवाखाना गाठा आणि पहिलं वाक्य खरं बोला: दाबाच्या मशीननं आत शिरलंय. डॉक्टर हसला तर दुसरा गाठा.

तिथून सुटलात की मग या. फाट्यावर उतरून मेंढरंवाल्या द्वारकाबाईचं घर विचारा, कुणीही दाखवील. पट्टी बांधलेली असली तरी चालेल, भाकरीचा घास मी मोडून देईन. पण लवकर या, बरं का. मी वाट बघते.